चिखलातले सात ठसे

माणसाला अक्षरं सुचली त्याच्या कितीतरी आधीपासून चितळं पाणवठ्यावरचा चिखल वाचत आली. पाडसांना ते वाचन म्हातारी भुरकी शिकवायची.

ठिपक्या नावाचं पाडस एकूण एक ठसा बिनचूक ओळखायचं. पण वाघ झाडीतच आहे की बाहेर पडलाय, असं विचारलं की गोंधळायचं.

"तिसऱ्या ठशापाशी पोचेपर्यंत पहिला डोक्यातून निसटतो, आजी."

"निसटत नाही. तुझं चित्तच थाऱ्यावर नसतं," भुरकी खेकसायची. "आणखी दहा ठसे पाठ कर."

त्याने तेही पाठ केले.

एका सकाळी ठिपक्या एकटाच पाण्यावर गेला आणि परतला नाही. भुरकी त्याचा माग काढत निघाली. वाघाचे सात ठसे करवंदीच्या जाळीत शिरले होते; बाहेर येणारा एकही नव्हता. प्रत्येक ठशाशी ठिपक्याचे इवले खूर थांबले होते, मागे वळून पहिल्या ठशापर्यंत गेले होते, पुन्हा पुढे आले होते. सातव्यापाशी ते संपले.

भुरकी तिथेच उभी राहिली. चित्त थाऱ्यावर नसलेलं पोर इतक्यांदा मागे फिरत नाही, हे चिखलात स्वच्छ लिहिलेलं होतं.