दोन गुळवे आणि एक काहील

नदीकाठच्या एका गावात एक गुऱ्हाळ होते. तिथे येसबा आणि हरबा हे दोन गुळवे होते. उकळत्या रसाचा गूळ कधी झाला हे ओळखायचे आणि नेमक्या क्षणी काहील चुलाणावरून उतरवून घ्यायची, हे गुळव्याचे काम. काहिली दोन, दोघांकडे एकेक. भाकरी मात्र दोघे एकाच फडक्यावर सोडायचे.

एके दिवशी म्हाताऱ्या मालकांनी गुऱ्हाळ गुणचंद शेठना विकले. शेठ आले, चुलाणापाशी थोडे थांबले, "बरं आहे" म्हणाले आणि निघून गेले. झाले. त्या "बरं आहे"चा अर्थ लावता लावता सगळ्यांची डोकी फिरली. कोणी म्हणे, सगळ्यांना ठेवणार. कोणी म्हणे, शेठ आपली माणसे आणणार. सकाळी नवे साचे आले की जिवात जीव यायचा, दुपारी एखादी बैलजोडी नेली की तो पुन्हा उडायचा.

मग शेठच्या दिवाणजींनी येसबाला बाजूला घेतले. म्हणाले, "पुढे एकच काहील चालणार. तुला ठेवायचं ठरलंय. हरबाला बोलू नकोस."

येसबाला आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही. दिवाणजींचा शब्द तो शेठचा शब्द का? त्यातच नदीपलीकडच्या गुऱ्हाळातून बोलावणे आले. बाजारच्या दिवसापर्यंत होकार कळवायचा होता. जावे तर हातातले सुटेल, राहावे तर समोरचे जाईल. सांगावे तर दिवाणजी बिथरतील, न सांगावे तर हरबाकडे बघवत नाही. बायकोला विचारले, तर ती म्हणाली, "तुम्हालाच काही उमगत नाही, तिथं मी काय सांगू?"

या गोंधळात एका दुपारी तो उकळत्या रसापुढे नुसताच बसून राहिला. पाक करपायला आला.

"येसबा, उतरव," हरबा ओरडला आणि गड्यांबरोबर स्वतः काहिलीला हात घातला. गूळ वाचला.

येसबा खजील झाला. हरबा गप्प राहिला असता, तर त्याचीच जागा पक्की झाली असती. मग येसबाला राहवले नाही. दिवाणजींचे बोलणे त्याने सांगून टाकले.

हरबा म्हणाला, "मलाही हेच सांगितलंय. तुला बोलू नकोस म्हणून."

दोघे तसेच उठून शेठकडे गेले. शेठ आधी इकडचे तिकडचे बोलले, मग खरे बोलले. गुळव्या एकच लागणार होता. कोणता, हे त्यांचेही ठरत नव्हते. तोवर कोणी सोडून जाऊ नये, म्हणून दोघांनाही आशा लावून ठेवली होती.

परतताना येसबाने पलीकडच्या बोलावण्याचेही सांगितले. हरबाला अंथरुणावरच्या आईला सोडून गावाबाहेर जाता येण्यासारखे नव्हते.

"मग मी जातो," येसबा म्हणाला. "तू राहा."

बाजारच्या दिवशी येसबा नावेत बसला. आपण केले ते बरोबर की चूक, हे त्याला अजूनही कळत नव्हते. पण काठावर हरबा उभा होता, आणि त्याच्याकडे बघताना येसबाला मान खाली घालावी लागली नाही.

तात्पर्य: कानात सांगितलेल्या आशेपायी सोबत्यापासून मन लपवू नये. दोघे मोकळेपणाने बोलले, तर अवघड निवडही स्वच्छ मनाने करता येते.