राळेने रबराला पोटात घेतलं

वस्तूंना वाचा होती त्या काळची गोष्ट. खाडीकाठी एक जुनी होडी होती. तिच्या बुडाच्या भेगेत राळ भरायचे. ती दगडासारखी घट्ट व्हायची, उन्हातही वितळायची नाही. पण लाटेचा दणका बसला की काचेसारखी तडकायची.

"आता पाणी शिरलं तर मला जळणासाठी फोडतील गं," होडी रडवेली झाली.

डब्यातल्या ताज्या, अजून पातळ असलेल्या राळेने हे ऐकलं. शेजारचं रबर म्हणालं, "ताई, मला तुझ्यात मिसळून घे."

"तुला? लिबलिबीत कुठलं! माझा कणखरपणा घालवशील."

"नाही गं. बारीक कण होऊन जागोजाग बसेन. पण आत्ताच ठरव. एकदा घट्ट झालीस की तू कुणाचं ऐकत नाहीस!"

राळेने होडीकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "ये बाबा."

रबर मिसळलेली राळ भेगेत भरली गेली, घट्ट झाली आणि होडी समुद्रात निघाली. पहिलाच दणका बसला. राळेला तडा गेला आणि सरसर धावत सुटला. वाटेत रबराचा कण आडवा आला. कण ताणला गेला, पण तुटला नाही.

"दमलास ना? बस इथेच," कण तड्याला म्हणाला. तडा थांबला.

"होडीबाई, आत कोरडं आहे ना?" राळेने भीत भीत विचारलं.

"अगदी कोरडं!" म्हणत होडी पुढच्या लाटेवर चढली.