ग्वादालूपेचा बेत

“आणि गाडी कोण चालवणार?” फादर रुमावांनी विचारलं.

निनादला प्रश्न आवडला नाही. मघापासून तो मेक्सिकोतल्या ग्वादालूपे खोऱ्याबद्दल भरभरून बोलत होता. कुठल्या उतारावर कुठली द्राक्षं, कुठल्या वाइनला खारट चव, पांढऱ्या वाइन सकाळी का चाखायच्या आणि तांबड्या दुपारनंतर का... टेबलावर नकाशा पसरून त्याने सगळा दौरा समजावून दिला होता. आणि म्हाताऱ्याने विचारलं काय, तर गाडी!

“विभा चालवेल,” तो म्हणाला.

विभा म्हणजे त्याची बायको. ती या वेळी बाहेर अंगणात गाडीतच बसून होती.

“तिला जमेल?”

“न जमायला काय झालं? तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, एवढंच. मी तिला व्हिडिओ पाठवलेत. आणि खोऱ्यातले रस्ते कच्चे, धुळीचे. भाड्याचा ड्रायव्हर सारखा घड्याळ बघतो हो. विभाचं तसं नाही. ती थांबते.”

“हं...” फादर म्हणाले.

फादर रुमाव मूळचे वसईचे, पण दिंडोरीच्या पुढे टेकडीवरच्या या लहानशा मठातच त्यांचे केस पिकले. मठामागे द्राक्षवेलींच्या थोड्या ओळी होत्या. त्यांची वाइन चर्चमधल्या मिस्सासाठी, प्रार्थनाविधीसाठी लागायची, उरलेली आल्यागेल्याला. कॉलेजात असताना निनाद छाटणीच्या दिवसांत इथे पडीक असायचा. नाक कसं वापरायचं ते फादरनीच त्याला शिकवलं. आता मोठमोठ्या वायनऱ्या त्याला चव घ्यायला बोलवत आणि तो काय म्हणतो याकडे कान लावून बसत. हे तो स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

“मग अडलंय कुठे?”

“तीच अडलीये.” निनादचा आवाज खाली आला. “धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. विचारलं की म्हणते, बघू. हल्ली सगळ्यालाच बघू. परवा म्हणाली, तू जा, मी आईकडे जाऊन राहते. किती दिवस, विचारलं. तर त्यालाही बघू!”

“मग?”

“भीती वाटते, फादर.”

हे तो पहिल्यांदाच बोलला होता. बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. तो उगाच नकाशाची घडी सारखी करत बसला.

“ती आली नाही तर नुसता दौरा बारगळणार नाही, असं वाटतं. परत आल्यावर घरात कोणी असेल की नाही... तुमचं ती ऐकते. एक शब्द टाका ना.”

फादर उठले. कपाटातून बाटली काढून त्यांनी ग्लासात घोटभर वाइन ओतली आणि त्याच्यापुढे सरकवली.

निनादने ग्लास फिरवला. नाक आत घातलं, डोळे मिटले. घोट तोंडात घेतला, या गालातून त्या गालात घोळवला. मग डोळे उघडून तो इकडेतिकडे बघायला लागला. तोंड भरलेलं, म्हणून हातानेच विचारलं, थुंकायचं कशात?

“इथे पिकदाणी नाही.”

निनादने खिडकीकडे बोट केलं.

“अरे, वेदीवर जाणारी वाइन आहे ती. इथे कोणी थुंकत नाही.”

निनाद क्षणभर गाल फुगवून तसाच बसला. मग त्याने घोट गिळला.

“कित्येक दिवसांत गिळली नव्हती,” तो ओशाळून हसला. “आमच्या कामात थुंकावंच लागतं, फादर. नाहीतर संध्याकाळपर्यंत माणूस आडवा.”

“म्हणजे तू शुद्धीवर असतोस.”

“म्हणजे काय! पूर्ण.”

“मग गाडी तू का नाही चालवत?”

“तसं नाही,” निनाद म्हणाला. “थुंकलं तरी थोडी पोटात जातेच. उगाच रिस्क कशाला? ज्याने ग्लास तोंडाला लावला त्याने गाडीला हात लावायचा नाही, हा माझा नियमच आहे. तिथे तडजोड नाही.”

“चांगला नियम आहे.”

“आणि विभा घेतच नाही. तिला आवडत नाही.”

“असं ती म्हणाली?”

निनादने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तो आठवायला लागला.

“म्हणालीच असेल की,” तो अखेर म्हणाला.

फादर दाराशी गेले. “विभा, ये गं आत! उन्हात काय बसून राहिलीस?”

विभा आली. गॉगल तिने केसांवर चढवला होता आणि गाडीची चावी हातातच होती. टेबलावरचा नकाशा तिने पाहिला, पण जवळ गेली नाही.

“झालं का तुमचं? निघायचं?” तिने विचारलं.

फादरनी दुसरा ग्लास घेतला. चाखण्यापुरता नाही, चांगला भरला आणि तिच्यापुढे धरला.

“अहो फादर, काय हे! ती घेत नाही,” निनाद म्हणाला.

विभाने ग्लासकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. चावी टेबलावर ठेवून तिने खुर्ची ओढली. ग्लास फिरवला नाही, हुंगला नाही. सरळ प्यायली, सावकाश, अर्ध्यापर्यंत.

“छान आहे,” ती म्हणाली.

निनाद बघतच राहिला. “तू... कधीपासून?”

“पुण्याला हॉस्टेलवर असल्यापासून. आपण गंगापूर धरणावर पहिल्यांदा गेलो तेव्हाही घेतली होती. तूच ओतली होतीस.” तिने आणखी एक घोट घेतला. “मग तुझं हे चव घेणं सुरू झालं. कोणीतरी गाडी चालवायला हवी होती ना.”

ती चिडून बोलली असती तर निनादला सोपं गेलं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढता येते. पण शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तसं ती सांगत होती.

धरणावरची ती संध्याकाळ त्याने डोळ्यांसमोर आणली. वाइन लख्ख आठवली. तिचा रंग, तिचा वास, शेवटी जिभेवर रेंगाळलेला थोडासा तुरटपणा, सगळं. विभाच्या हातात ग्लास होता की नव्हता, तेवढंच काही केल्या आठवेना.

बाहेर कुणीतरी विहिरीची मोटर सुरू केली.

“मला सांगायचंस तरी,” तो हळूच म्हणाला.

“तू विचारायचंस तरी. व्हिडिओ पाठवत बसलास.”

निनादच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“चुकलं माझं, विभा. फार चुकलं.”

विभा ‘बघू’सुद्धा म्हणाली नाही. उरलेली वाइन तिने निवांत संपवली, ग्लास खाली ठेवला आणि सवयीने चावीकडे हात नेला. मग हात मागे घेतला आणि तिला एकदम हसू फुटलं.

“घ्या! आता मला नाही चालवता येणार. तुझा नियम आहे.”

निनादने चावी उचलली. त्याच क्षणी त्याला मघाचा घोट आठवला आणि चावी पुन्हा टेबलावर गेली.

दोघं फादरकडे बघायला लागले.

फादर बाटलीला बूच लावत होते. “गाडी राहू दे इथे. उद्या न्या. खाली फाट्यावर नाशिकची बस थांबते.”

“फाट्यावर? चालत?” निनाद म्हणाला. “लांब आहे, फादर.”

“आहे.”

विभाने सॅंडलचे पट्टे आवळले आणि ती उठून उभी राहिली. निनादही उठला. नकाशा घ्यावा की नाही हे त्याला कळेना. त्याने तो उचलला, पुन्हा ठेवला.

“आणि... मेक्सिकोचं काय?” त्याने फादरना विचारलं, पण बघत होता तो विभाकडे.

विभाही थांबली होती.

फादरनी बाटली कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

“आधी फाट्यापर्यंत जाऊन बघा.”