इकडून कोण होतं?

"तीन फोन मोडून एक केला, बाबा. तरी पोरगी माझ्याशी बोलत का नाही?"

हेरंब कर्णिकने हे विचारलं तेव्हा मस्तानबाबा मडक्यातून पाणी काढत होते. घाटमाथ्यावरचा पिराचा दर्गा, त्याला लागून ओटा आणि ओट्यावर चिंचेची सावली. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथे घटकाभर टेकतो.

"तीन कशाला होते?" बाबांनी विचारलं.

"एक कंपनीचा. एक डीलर लोकांचा. एक घरचा."

हेरंब पाण्याचे पंप विकायचा. निम्मं आयुष्य गाडीत आणि उरलेलं हॉटेलात, अशी त्याची फिरती. त्याच्यासारखेच फिरतीवरचे लोक जेवणाच्या टेबलावर याच विषयावरून हमरीतुमरीवर यायचे. कोणी म्हणायचं, सगळं एकात नको, तो एक पडला की आपण लंगडे. कोणी म्हणायचं, घरच्या गोष्टी कंपनीच्या फोनात घालणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. हेरंब मात्र छाती पुढे काढून सांगायचा, "मी केलं. तिन्ही नंबर एकात. आता काही निसटत नाही."

खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरचा फोन कायम बॅगेच्या तळाशी, चार्जिंग संपून पडलेला. शर्वरी, त्याची एकुलती एक मुलगी, त्यावर फोन करून करून थकायची. म्हणून त्याने तिन्हींचा एक केला. लगेच दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. नापास झाल्याचं सांगताना ती रडत होती. हेरंब नुकताच एका डीलरवर खेकसून मोकळा झाला होता. त्याच सुरात तो म्हणाला, "हं, बोला. मुद्द्याचं बोला."

पोटच्या पोरीला "बोला".

तेव्हापासून तिने त्याचा फोन उचलला नव्हता. हे आठवलं की त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि हे त्याने आत्ता बाबांना सांगूनही टाकलं.

"तिनाचा एक..." बाबा कौतुकाने म्हणाले. "मोठं काम केलंस की. बघू तरी."

हेरंबने फोन पुढे केला, तेवढ्यात तो वाजला.

हेरंब ताडकन उभा राहिला. शर्टाची कॉलर सारखी केली. "येस सर. छे छे सर. आपण म्हणाल तसं सर..." जिभेवर साखर, आणि पाठीला आपोआप बाक.

खाली बसतो न बसतो तोच पुन्हा वाजला. "अरे माठ्या, अक्कल गहाण टाकलीस का? माल आज पोचलाच पाहिजे!"

चिंचेवरचे कावळे उडाले.

"कोण होतं?" बाबांनी विचारलं.

"आधी आमचे डायरेक्टर. मग हाताखालचा एक जण."

"तिकडचं नाही विचारलं. इकडून कोण होतं?"

"मीच की."

"दोन्ही वेळेला?"

हेरंब हसायला गेला. हसू काही आलं नाही.

एवढ्यात पोलिसांची जीप येऊन थांबली. फौजदार उतरले. आता बाबा उठतील, टोपी सावरतील, असं हेरंबला वाटलं. बाबा जागचे हलले नाहीत.

"या. पाणी प्या. सावलीत बसा."

फौजदार पाणी प्याले, बाबांना सलाम करून गेले. त्यांच्या मागून एक दारुडा आला, झोकांड्या खात, अंगभर धूळ.

"या. पाणी प्या. सावलीत बसा."

मग एक शेळी ओट्याशी आली आणि बाबांच्या झोळीत तोंड घालायला लागली. बाबांनी तिच्यापुढे पाण्याचं टमरेल सरकवलं.

"या. पाणी प्या. सावलीत बसा."

आवाजावरून गिऱ्हाईक ओळखणं हा हेरंबचा धंदा होता. तो कान देऊन ऐकत होता. फौजदारासाठी चिमूटभर जास्त मऊपणा, दारुड्यासाठी चिमूटभर कंटाळा, कुठेतरी सांधा सापडेलच अशी त्याची खात्री होती. सापडला नाही. शेळीच्या वाट्यालाही तीच माया आली होती, तसूभर कमी नाही.

मोठमोठी माणसं त्याने पाहिली होती, त्यांच्यापुढे वाकलाही होता. पण अख्खा माणूस तो आज पहिल्यांदा पाहत होता. बाबांच्या पायांवर डोकं ठेवावं असं त्याला वाटलं, आणि त्यांच्याजवळ बसायची भीतीही वाटली.

"बाबा, हे... हे तुम्ही कसं केलंत?"

"काय केलं? पाणी दिलं." बाबांनी टमरेल उचलून ठेवलं. "पोरीला फोन लाव."

"माझा नंबर दिसला की कापते ती."

बाबांनी झोळीतून एक जुना बटणांचा फोन काढला. झाकण निघू नये म्हणून त्याला रबरबँड लावला होता. "ह्यावरून लाव. घाटातले सगळे ड्रायव्हर ह्याच्यावरूनच घरी बोलतात."

मुलीचा नंबर हेरंबला पाठ नव्हता. त्याने तो स्वतःच्या फोनात पाहून एकेक बटण दाबलं. पलीकडे रिंग वाजू लागली.

"हॅलो?"

शर्वरीच होती. हेरंबने तोंड उघडलं. साहेबांशी बोलायचा आवाज ओठांवर आला, तो त्याने गिळला. हाताखालच्यांना झापायचा आला, तोही गिळला. मग आत चाचपून पाहिलं. हाताला काहीच लागेना.

"हॅलो? कोण आहे?"

...

"अहो, बोला ना."

तिने अनोळखी माणसाला म्हणावं तसं म्हटलं होतं. हेरंबच्या घशातून एक हुंदका निसटला.



"...पप्पा?"

हेरंबचे ओठ हलत होते. शब्द नव्हता. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

बाबांनी त्याच्या हातातला फोन अलगद काढून घेतला. फौजदाराशी बोलले होते, शेळीशी बोलले होते, त्याच आवाजात ते म्हणाले,

"ठेवू नको, पोरी. तो निघालाय... लांबून येतोय."