घरट्यातली काडी

दोन पाळणाघरे एक झाली, त्यांच्या दोन समित्यांची मिळून एक समिती झाली, आणि आता मत कुणाला, या काळजीने माझी झोप उडाली. ठरले ते असे: सोमवारी सकाळी अकराला जो पालक स्वतः हजर, त्यालाच मत. विषय, उन्हाळाभर पाळणाघर बंद ठेवावे का. अकराला ज्यांना कामावरून हलता येत नाही, त्यांच्याचसाठी तर पाळणाघर असते. नियम ठरला तेव्हा मी तिथेच होते आणि गप्प बसले. घरी येऊन लेकीला, केतकीला, ही गोष्ट सांगितली.

पूर्वी मेघवती नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या तळ्यावर म्हातारा बगळा होऊन राहत होता. एका वर्षी पलीकडचे तळे आटले आणि तिथले करकोचे या तळ्यावर आले. तेव्हा दोघांची मिळून एक पंचायत करायचे ठरले. ज्याला मताचा हक्क, त्याला एक काडी. सभेच्या खडकावर ती उजवीकडे टाकली की होकार, डावीकडे टाकली की नकार. काड्या वाटण्याचे काम बोधिसत्त्वाकडे होते.

काडी कुणाला, यावर दोन नायक आठ दिवस भांडले.

"तळे आमचे," बगळ्यांचा नायक म्हणाला. "पाहुण्यांना कसली काडी?"

"पाहुणे दुप्पट आहेत," करकोच्यांचा नायक म्हणाला, "आणि चोचीही लांब आहेत."

एकाच गोष्टीवर दोघांचे चटकन जमले. सकाळी जो काडी घेऊन खडकावर येईल, त्याचेच मत. अंडी उबवणाऱ्या माद्यांना घरट्यातून हलता येत नाही, हे दोघांनाही चांगले ठाऊक होते. आणि पहिलाच ठराव असा, की पाणी कमी होते आहे, तर साऱ्या थव्याने उद्याच दूरच्या नदीवर निघून जावे. अंडी फुटायला अजून बारा दिवस होते. थवा गेला की घारींना अडवायला कुणी उरणार नव्हते.

"घरट्यात बसणाऱ्यांना बाहेरचे काय कळते," दोघे नायक बोधिसत्त्वाला म्हणाले. "सभा सुरळीत पार पाड, मुख्य तुलाच करू."

बोधिसत्त्व मान खाली घालून निघाला. बगळा म्हटला की लोकांना ढोंगच आठवते. करकोचे हसले, "निघाले बुवा ध्यानाला."

सभेच्या सकाळी तो रिकाम्या चोचीने आला.

"काड्या कुठे आहेत?" नायकांनी विचारले.

"ज्याची त्याच्या घरट्यात ठेवली आहे. सगळ्यांना एकेक. जा, घेऊन या."

बगळ्यांचा नायक घरट्यावर उतरला. बगळी म्हणाली, "अहो, काडी माझ्या पोटाखाली आहे. मी उठू कशी? तुम्ही बसा, मग काढून देते."

तो कसाबसा बसला.

"अंडी पायाने सरकवू नका. पोटाखाली घ्या."

काडी निघाली, पण ती बगळीच्या चोचीत होती. कितीतरी दिवसांनी तिने पंख पसरले आणि ती खडकाकडे उडाली. घरट्याघरट्यात तेच झाले. ऊन चढले तेव्हा खडकावर माद्याच माद्या होत्या, आणि झाडांवरून नर ओरडत होते.

"हा अन्याय आहे!" नायक घरट्यातून म्हणाला. "मला इथून हलता येत नाही."

"नियम तुमचाच आहे," बोधिसत्त्व म्हणाला.

सगळ्या काड्या डावीकडे पडल्या. थवा थांबला, चिखलातल्या गोगलगायी खाऊन राहिला, आणि पिल्ले वाढेपर्यंत घारींना हाकलत बसला. बोधिसत्त्वाला अर्थातच कुणी मुख्य केले नाही. काड्या वाटायचे कामही काढून घेतले.

त्या वेळचे दोन नायक म्हणजे आता आमच्या समितीचे दोन सहअध्यक्ष. त्या माद्या म्हणजे सोमवारी अकराला कामावर असलेल्या आम्ही आया. बोधिसत्त्व या जन्मी कोण, ते मला ठाऊक नाही. मी नक्कीच नव्हे. त्याच्या गुणाला बोधिसत्त्वाच्या दहा गुणांच्या जुन्या यादीत 'उपेक्षा' म्हणतात: सगळ्यांकडे एकाच नजरेने पाहणे. आपल्या बोलण्यात त्याच शब्दाचा जो अर्थ उरला आहे, तो आमच्या समितीला पाठ आहे.

एवढे सांगून मी केतकीला विचारले, कळली का गोष्ट.

"मला नाही आवडत पाळणाघर," ती म्हणाली. "मला कुठे दिलीस काडी?"