पिराजीची शंभर पावलं

पिंपळदऱ्यात पिराजी नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की "जरा थांब" म्हटलं तर कुणी "चल" म्हणेपर्यंत हलायचा नाही.

दिवसा बेतानं खायचा. पण मध्यरात्री उठून टोपल्यातल्या भाकरी, गूळ, शेंगदाणे सगळं फस्त करायचा आणि तिथंच लवंडायचा. पोट घागरीएवढं झालं.

अशात त्याचं लग्न ठरलं. सासरे मार्तंड शिंपी. त्यांनी कोट शिवून धाडला, पण मापं साखरपुड्याला घेतलेली, पोट त्यानंतर वाढलेलं. बटण काजापासून चार बोटं लांब! मार्तंडांचा निरोप आला, "माझ्या हातच्या कोटाचं बटण लागलं नाही, तर पोरगी देणार नाही."

आईचं धाबं दणाणलं. तिनं त्याला नानावैद्यांकडं नेलं.

वैद्य म्हणाले, "दिवे लागले, की तोंडात घास घालायचा नाही."

संध्याकाळी आईनं कंदील लावला. पिराजीनं फुंकर मारली.

"अरे, हे काय?"

"दिवा लावू नकोस, आई. माझं जेवण व्हायचंय."

अंधारात आठ भाकरी गेल्या.

वैद्य म्हणाले, "अरे बाबा, रात्रीचं जेवण उन्हं असतानाच उरकत जा."

पिराजी उन्हात पाट मांडून बसला. त्या रात्रीचं जेवला. मग उद्याच्या रात्रीचं. मग परवाच्या. "आठवडा उरकला," म्हणाला आणि ढेकर दिली.

वैद्यांनी कपाळाला हात लावला. "आता असं कर. खाल्लंस, की शंभर पावलं चाल."

पिराजी मोजत निघाला. शंभरावं पाऊल पडलं मावशीच्या उंबऱ्यात.

"अगबाई, पिराजी! थालीपीठ खातोस?"

खाल्लं. खाल्लं म्हणून पुन्हा शंभर पावलं. ती संपली आईच्या चुलीपाशी.

"चालून चालून वाळलास रे," म्हणत आईनं ताट वाढलं. अशा सात फेऱ्या झाल्या.

आता वैद्य ओरडलेच. "नदीच्या अंगाला चाल! शंभर झाल्याशिवाय थांबू नकोस. कुणी कितीही अडवू दे!"

आईनं टोपल्यावर पाटा ठेवला. महिनाभरानं श्वास कोंडून का होईना, बटण लागलं.

लग्न गोरज मुहूर्ताचं. मार्तंडांची नजर बटणावर. सासूनं उन्हं असतानाच जावयाला एक लाडू भरवला होता, तेवढाच.

सप्तपदी सुरू झाली. गुरुजी म्हणाले, "सातवं पाऊल. झालं, थांबा."

"आठ," पिराजी म्हणाला.

"अहो, थांबा!"

"लाडू खाल्लाय, चालायचं राहिलंय. नऊ."

गाठ बांधलेली. नवरी भागीरथी मागं फरफटत निघाली. "अहो, कुठं?"

"शंभरावर."

सगळं वऱ्हाड आडवं आलं. पिराजी थांबेना. शंभरावं पाऊल पडलं मंडपामागं, आचाऱ्याच्या कढईपाशी. गरम जिलब्या! भागीरथी सकाळपासून उपाशी. तिनं चार खाल्ल्या, चार त्याच्या तोंडात कोंबल्या.

टण्! बटण उडालं ते मार्तंडांच्या कपाळावर.

"बटण!" मार्तंड गरजले. "भागे, चल घरी!"

"बाबा, सात पावलं झाली की मघाशीच," भागीरथी तोंड पुसत म्हणाली. "आता कसली परत नेताय?"

मार्तंडांनी बटण उचलून खिशात टाकलं. पिराजीच्या आईचा जीव भांड्यात पडला.

पिराजी मात्र वळला होता. "चल गं. जिलबी खाल्ली ना? शंभर पावलं."

दोघं मोजत मंडपात परतली. शंभरावं पाऊल पडलं पंगतीत. पानं नुकतीच वाढली होती.