रंधा मारलेला ठसा

घाटाखालच्या एका गावात, छापखाने यायच्या फार आधी, लाकडी ठशांवरून चित्रं छापणारं एक घर होतं. घरात दोनच माणसं उरली होती, म्हातारा ठसेकार आणि त्याची विधवा सून. नजर पार जाण्याआधी म्हाताऱ्याने सुनेला सगळं शिकवलं होतं. फळी कशी निवडायची, चित्राचा कागद तोंड खाली करून फळीवर कसा चिकटवायचा, मग कागदासकट रेघ कशी कोरत जायची. सून हाताची हुशार होती. पाच-सहा वर्षांत तिची रेघ सासऱ्याइतकी साफ निघू लागली.

पण गाव मोठं हट्टी. ठसा तिने कोरावा आणि लोकांनी म्हणावं, "वा! डोळे गेले तरी म्हाताऱ्याचा हात अजून चालतो हं!" चुकून एकानेही कधी तिचं नाव घेतलं नाही. ती घरी येऊन रडायची आणि पुन्हा कामाला बसायची.

एके दिवशी गावात दवंडी पिटली गेली. राणीसाहेबांना महालात लावायला एक नवं चित्र हवं होतं. दसऱ्याला पंचक्रोशीतल्या सगळ्या ठसेकारांनी आपापली छाप आणायची, आणि जे चित्र निवडलं जाईल त्याच्याखाली कोरणाऱ्याचं नाव छापायचं. सुनेने मनाशी ठरवलं, या वेळी नाव माझंच. हातात तीन महिने होते.

आधी फळी हवी म्हणून ती वखारीत गेली. सागाची फळी तिने नाकारली, कारण सागाच्या जाड रेषांत बारीक कोरणी फसते. आंबा तिला मऊ वाटला. तिला हवं होतं शिसव, पण वखारीतलं शिसव नुकतंच तोडलेलं, ओलं होतं. ओलं लाकूड कोरलं की वाळताना तडकतं. दहा दिवसांत ती सात वेळा वखारीत गेली, तेव्हा वखारवाला हात जोडून म्हणाला, "बाई, फळी बघताय की जावई? ही आंब्याची न्या आणि लागा कामाला."

"अहो, चित्रच सुचत नाहीये अजून," ती म्हणाली. "मनासारखी फळी मिळाली की सुचेल."

तिला खरोखर तसंच वाटत होतं. दरम्यान ती नदीवर जाऊन बसली, बाजारात हिंडली, देवळाच्या ओट्यावर बसून कबुतरं काढली. जे काढावं ते सासऱ्याच्या एखाद्या जुन्या चित्रासारखं दिसायचं. कागद फाडून ती घरी यायची.

घरी म्हातारा कारखान्याच्या उंबऱ्याशी बसलेला असायचा. मांडीवर एक ठसा. तो त्याच्या बायकोच्या चेहऱ्याचा होता. तीस वर्षांपूर्वी, ती असताना, त्याने तिला समोर बसवून कोरला होता. तिला जाऊन आता वीस वर्षं झाली होती आणि तिचं दुसरं चित्र कुठे नव्हतं. रोज दुपारी म्हाताऱ्याची बोटं तिच्या कपाळावरून नाकावर आणि नाकावरून गालावर फिरायची. फिरून फिरून गालाच्या रेघा गुळगुळीत झाल्या होत्या. सून त्याच्या शेजारून येत-जात असे. रोजचंच ते, तिकडे कोण बघतंय!

दसऱ्याला पंधरा दिवस राहिले. म्हाताऱ्याची लेक शेजारच्या गावी दिलेली होती, ती त्याला दोन दिवसांसाठी न्यायला आली. निघताना त्याने ठसा सुनेच्या हातात दिला.

"सूनबाई, हिला उन्हात ठेवू नकोस हं. तडकेल."

"नाही ठेवत, मामंजी."

ठसा फडताळात ठेवताना तिने तो प्रथमच नीट पाहिला. आणि काय पाहिलं तिने? लाकूड पाहिलं. अस्सल शिसव, तीस वर्षं वाळलेलं, एक गाठ नाही की चीर नाही. ती तिथेच उभी राहिली.

मामंजींना दिसत नाही, ती मनात म्हणाली. ठशावरून छाप काढायची तर रेघाही धड उरलेल्या नाहीत. शिवाय मी चेहरा थोडाच फेकून देतेय? छाप काढून ठेवते. माणूस स्वतःला किती पटकन समजावतो बघा.

तिने शाई लावून कागद दाबला. पहिली छाप फिकी आली, पण चेहरा ओळखू येत होता. दुसऱ्या वेळी शाई जास्त झाली आणि कागद नुसता काळा झाला. तिला घाई होती. फिकी छाप तिने जपून बाजूला ठेवली आणि रंधा उचलला. पहिल्या हाताला नाक गेलं. तिसऱ्या हाताला डोळे गेले. पाच-सहा हातांत फळी आरशासारखी लखलखीत झाली.

मग ती फळी समोर घेऊन बसली. त्या दिवशी बसली, दुसऱ्या दिवशीही बसली. मनासारखी फळी मिळाली होती, आणि तिच्यावर कोरायला एक रेघ सुचत नव्हती.

तिसऱ्या दिवशी म्हातारा परतला आणि उंबऱ्याशी बसला.

"सूनबाई, हिला दे जरा."

तिने चार सबबी तयार ठेवल्या होत्या. ऐन वेळी एकही तोंडातून निघेना. तिने ती फळीच त्याच्या मांडीवर ठेवली.

म्हाताऱ्याची बोटं कपाळाच्या जागी गेली. तिथून खाली आली, कडेपर्यंत गेली. त्याने फळी उलटून पाठ चाचपली आणि पुन्हा सुलटी केली.

"ही कुठली फळी?"

"मामंजी, तेच लाकूड आहे. दसरा तोंडावर आला, चांगली फळी कुठे मिळेना... पण मी छाप काढून ठेवलीय. ही घ्या."

त्याने कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत चाचपला.

"ह्यात काही लागत नाही गं हाताला," तो म्हणाला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला पाय तरी धरता आले असते.

आणि त्याच क्षणी तिला चित्र सुचलं. उंबऱ्याशी आंधळा म्हातारा, मांडीवर बायकोचा ठसा, गालावर बोटं. तीन महिने ती गावभर जे शोधत फिरत होती, ते रोज दुपारी तिच्या दारात बसलेलं होतं. त्या चित्राला आंब्याची फळीसुद्धा चालली असती. आता ते कोरायला तिचा हात धजणार नव्हता.

महालाचा विचार तिने सोडला. त्याच फळीवर तोच चेहरा पुन्हा कोरायचा, एवढंच तिला सुचलं. छाप एकच होती, आणि कोरायचं तर ती फळीवर चिकटवावी लागणार होती. तिने ती चिकटवली. कोरणी चालत गेली तसा कागदही रेघेरेघेने गेला. जिथे छाप फिकी होती तिथे तिने अंदाजाने रेघ ओढली. बारा दिवस ती जेवणापुरती उठली. म्हातारा त्या दिवसांत उंबऱ्याकडे फिरकला नाही.

दसऱ्याच्या सकाळी बाकीचे ठसेकार छापा घेऊन महालाकडे निघाले. सून सासऱ्याच्या खोलीत गेली आणि तिने ठसा त्याच्या मांडीवर ठेवला.

म्हाताऱ्याने सावकाश बोटं फिरवली. कपाळ, नाक, मग गाल. गालावर बोटं बराच वेळ थांबली.

"रेघ फार साफ आहे तुझी," तो म्हणाला. "माझ्याहून साफ. हा हात तुझाच, कुणीही सांगेल."

हे ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती.

"कोण आहे गं ही?" म्हाताऱ्याने विचारलं.

मग त्याने ठसा तिच्या हातात परत दिला.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: ज्या वस्तूत दुसऱ्याचा जीव गुंतलाय, तिला आपल्या कामाचं सामान समजू नये. मागून आपण तिच्याहून चांगली वस्तू घडवून देऊ, पण ती वस्तू देऊ शकत नाही.